डभोईचं इंजिन घरात किती मावतं?



आपल्या बडोद्याच्या नॅरोगेजचा इतिहास इंजिनापासून नाही, बैलांपासून सुरू होतो. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची लाईन टाकली गेली. गेज अडीच फूट, म्हणजे आजच्या हिशेबात ७६२ मिलिमीटर. रूळ तयार, डबे तयार, पण पुढे जुंपलेले बैल. नंतर ग्लासगोच्या नील्सन कंपनीची इंजिनं आली, तर रूळच इतके हलके की त्यांना ते वजन पेलेना. शेवटी जड रूळ टाकून १८७३ मध्ये लाईन नव्याने चालू करावी लागली.

लहानपणी ही गोष्ट आम्ही हसण्यावारी नेत असू. बैलांची आगगाडी! आता सत्तरी उलटल्यावर मला ती तितकीशी हसण्यासारखी वाटत नाही. त्याच सुमारास बी.बी. अँड सी.आय.ची साडेपाच फुटी मोठी लाईन गुजरातेत येत होती. संस्थानाने तिच्याशी बरोबरी केली नाही. आपला मुलूख केवढा, माल कोणता (मुख्यतः कापूस आणि धान्य), तिजोरी केवढी, हे बघून निम्म्याहून लहान गेज निवडलं. रूळ कमी पडले, ते बदलता आले. गेज मात्र तेच राहिलं आणि त्या गेजवर डभोईभोवती जाळं विणलं गेलं. ते पुढे शंभरावर वर्षं चाललं. आता त्यातल्या बऱ्याच भागाचं ब्रॉडगेज झालंय, ही गोष्ट वेगळी.

आज लिहायचंय ते मात्र त्याहून पुष्कळ लहान गाड्यांबद्दल. घरी, स्वतःच्या हाताने, वाफेवर खरोखर चालणारी इंजिनं करणाऱ्या माणसांबद्दल आणि त्यांच्यापुढे सगळ्यांत आधी उभ्या राहणाऱ्या प्रश्नाबद्दल: इंजिन केवढं करायचं? ऐकायला सोपा प्रश्न आहे. पण अर्धवट राहिलेली जितकी इंजिनं मी पाहिली किंवा ऐकली, त्यांतली बहुतेक कारागिरी कमी पडली म्हणून राहिलेली नाहीत. माप मोठं धरलं म्हणून राहिली. बँकेत लघुउद्योगांच्या फायली बघताना हेच दिसायचं. मशीन उत्तम, माणूस हुशार, आणि शेड मात्र भांडवलाच्या दुप्पट बांधलेली.

आधी थोडा इतिहास, कारण ही मापं कुणी ठरवली हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खेळण्यातल्या गाड्यांना ठरीव गेजेस देण्याचं काम जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये केलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे रूळ वेगळे. आज शून्य गेज म्हणजे ३२ मिलिमीटर आणि एक नंबरचं गेज म्हणजे ४५ मिलिमीटर, हे त्याच परंपरेतलं. पण ही दुकानातून आणायची खेळणी झाली. घरी इंजिन बनवणाऱ्यांची चळवळ उभी राहिली इंग्लंडमध्ये. १८९८ च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल या गृहस्थाने ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक काढलं आणि त्याच वर्षी लंडनला या छंदाची संस्थाही निघाली. वाचक कोण? बरेचसे कारकून, शिक्षक, गिरणीतले फिटर, रेल्वेतले कामगार. घरामागे सहा फूट बाय आठ फुटांची लाकडी खोली, पायाने चालवायचं लेथ, आणि शनिवारी दुपारनंतरचा वेळ. एवढ्याच सामग्रीवर त्यांना आगगाडी हवी होती.

त्या काळातलं मोठं नाव हेन्री ग्रीनली. बॅसेट-लोक या नॉर्थॅम्प्टनच्या कंपनीसाठी त्याने पुष्कळ डिझाइनं केली. तेव्हा लहान इंजिनांत साधारणपणे स्पिरिटवर पाणी उकळायची पद्धत होती. कोळसा पेटता ठेवून चालेल असं खरं बॉयलर एवढ्या लहान इंजिनात जमणार नाही, असं अनेकांचं पक्कं मत होतं. मग १९२४ मध्ये ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारा एक माणूस पुढे आला. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची ही आद्याक्षरं. तो एकेकाळी तिच्या इंजिनांवर काम केलेला. त्याने ‘आयेशा’ नावाचं आपलं इंजिन लोकांसमोर चालवून दाखवलं. गेज फक्त अडीच इंच. आत खरा कोळसा, आणि मागे गाडीवर बसलेली मोठी माणसं. इंग्लंडच्या छंदिष्टांत हा वाद ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून आजही ओळखला जातो.

पुढे तीसहून जास्त वर्षं हा माणूस ‘मॉडेल इंजिनियर’मध्ये इंजिनांची कृती लिहीत राहिला. कृतीच म्हणतो, कारण ‘रुचिरा’ हातात धरून नवी सून पुरणपोळी करायला लागते ना, तसं त्याचं लिहिणं. आज एवढं कापा, उद्या इथे भोक पाडा, इथे हात भाजेल, सांभाळा. त्याची ‘ज्युलिएट’ आणि ‘टिच’ ही साडेतीन इंची गेजवरची चिमुकली चार चाकी इंजिनं तर नवशिक्यांसाठीच काढलेली. पहिल्याच खेपेला एक्स्प्रेसचं भलंमोठं इंजिन करायला घेऊ नका, हे तो आपल्या डिझाइनांतूनच सांगत होता.

म्हणजे अडीच इंच, साडेतीन इंच, पाच इंच, सव्वासात इंच. ही मापं आली कुठून? इंग्लंडच्या रुळांचं गेज चार फूट साडेआठ इंच. त्यावरून साडेतीन इंची म्हणजे एका फुटाला पाऊण इंच, सुमारे १:१६. पाच इंची म्हणजे फुटाला एक इंच आणि वर एक सोळांश, सुमारे १:११. सव्वासात म्हणजे फुटाला दीड इंच, १:८ च्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये मायफोर्ड कंपनीचं ‘एमएल-७’ लेथ आलं आणि तिथल्या घराघरांतल्या छंदाचं ते मुख्य यंत्र झालं. त्याच्या बेडवर सात इंच व्यासाचा तुकडा फिरतो. आता सहा फुटी चाकाचं एक्स्प्रेस इंजिन घ्या. साडेतीन इंची गेजला ते चाक साडेचार इंच, आरामात बसतं. पाच इंचीला सहा इंच आणि वर थोडं, जेमतेम. दीड इंची प्रमाणात ते होतं नऊ इंच. मग लेथच्या खाचेत अडकवून कसरत करा, नाहीतर बाहेर कारखान्यात पाठवा. साडेतीन आणि पाच इंची गेजेस इतकी का रुजली, याचं माझ्या मते अर्धं उत्तर या सात इंचात आहे. उरलेलं अर्धं कंबरेत.

कंबरेचा हिशेब आम्हा कॉमर्सवाल्यांना लवकर समजतो. लांबी निम्मी केली की पृष्ठभाग चौथा हिस्सा होतो आणि वजन आठवा हिस्सा. उलट, माप दुप्पट केलं की वजन दुप्पट नाही, आठपट. चक्रवाढ व्याजासारखंच आहे हे: आकडा डोळ्यांना लहान दिसतो आणि हातात येईपर्यंत भलताच झालेला असतो.

आपल्या भारतातल्या माणसाला यात आणखी एक गंमत आहे. इंग्लंडची सगळी तयार मापं त्यांच्या गेजवर बेतलेली. आपली ब्रॉडगेज साडेपाच फूट. ती पाच इंची रुळावर बसवायची तर प्रमाण १:१३.२ असं विचित्र येतं आणि त्यांचे तयार भाग जुळत नाहीत. मीटरगेज मात्र साडेतीन इंची रुळावर घातली तर १:११.२५ येते, म्हणजे जवळजवळ त्यांचं पाच इंचीचंच प्रमाण. आणि आपली डभोई? अडीच फूट म्हणजे तीस इंच. पाच इंची रुळावर बरोबर १:६. अडीच इंची रुळावर बरोबर १:१२, एका फुटाला एक इंच. पट्टी घेऊन बसलेल्या माणसाला याहून सोयीचं गेज कुठल्या देवाने दिलं असतं?

आता माझे थोरले मामा.

मामा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडून उभी केलेली ही संस्था आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण फिटर, ओतारी, रंगारी, सुतार अशी जी हाताची माणसं तिथून बाहेर पडली, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. मामा त्यांतले. नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, नॅरोगेजच्या इंजिनांवर. रिटायर झाल्यावर त्यांनी दांडिया बाजारातल्या आमच्या आजोळच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत, एक जुनं लेथ बसवलं आणि डभोईच्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं. गेज पाच इंच, प्रमाण १:६.

पाच इंच का? मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, “अरे, लहान केलं तर लोक खेळणं म्हणतील. मला ते इंजिन वाटायला हवं.” त्यांच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ज्याने खऱ्या इंजिनाच्या पोटात शिरून काम केलं, त्याला हातात मावणारं इंजिन खोटंच वाटणार. शिवाय कमाटीबागेतली गाडी सगळ्या बडोद्याच्या डोळ्यांपुढे होती. राजवाड्यातल्या मुलांना शाळेत नेण्यासाठी आंब्याच्या बागेतून जी दहा-एक इंची रुळांवरची गाडी टाकली होती, तीच पुढे बागेत मुलांसाठी धावली. (ती शाळा म्हणजे आजचं महाराजा फतेसिंह म्युझियम.) आपण सगळेच तिच्यात बसलोय. तिच्याशी तुलना केली तर पाच इंच म्हणजे मामांच्या मते नम्रपणाच होता. फक्त त्या गाडीमागे राजवाडा होता आणि मामांच्या मागे पेन्शन.

वर सांगितलेला हिशेब इथे लावून बघा. समजा खरं इंजिन वीस टनांचं. १:६ म्हणजे वजनाला २१६ ने भागायचं: सुमारे ९२ किलो. १:१२ ला १७२८ ने भागायचं: साडेअकरा किलो. प्रत्यक्षात मॉडेल थोडं जडच भरतं, कारण पत्रे अगदी प्रमाणात पातळ करता येत नाहीत. पण धरून चला: एक इंजिन दोन गोण्या गव्हाचं, दुसरं एका मोठ्या भरलेल्या बादलीचं. आणि वाड्याचा जिना तुम्हाला माहीतच आहे. अंधारा, अरुंद, वर दोर धरून चढायचा. ते इंजिन माडीवर पुरं झालं असतं तरी खाली उतरलं असतं की नाही, देव जाणे. मामींचा त्यावर एकच शेरा असायचा, “भिंत पाडावी लागेल, पण आधी होऊ दे तरी.”

अकरा वर्षं मामांनी काम केलं. फ्रेमच्या दोन पट्ट्या कापल्या, त्यांत भोकं पाडली, ती एकमेकींशी इतकी जुळतात की दोन्ही एकावर एक ठेवून पाहिलं तर उजेड सरळ पलीकडे दिसतो. बिडाची सहा चाकं ओतून आणली, कातली, एक्सलवर दाबून बसवली. गनमेटलचे दोन सिलिंडर ओतले, पिस्टन बसवले. कागदावर पेन्सिलीने काढलेली सगळ्या इंजिनाची ड्रॉइंगं तर बघत राहावीत अशी. आणि बॉयलरपाशी येऊन काम थांबलं.

बॉयलरपाशीच का थांबतं, हे नीट सांगतो, कारण प्रमाण निवडण्याचा सगळा खेळ खरं तर इथे आहे. चाकं, फ्रेम, सिलिंडर हे थोडं मोठं घेतलं तर वेळ जास्त जातो, एवढंच. बॉयलर मोठं घेतलं तर कामाची जातच बदलते.

घरगुती इंजिनाचं बॉयलर तांब्याचं करतात. पत्रा वाकवून नळा, पुढे-मागे ठोकून कडा वळवलेल्या चकत्या, आत भट्टीची पेटी आणि तिच्यातून धूर पुढे नेणाऱ्या नळ्या. सगळं चांदीमिश्रित डाखाने जोडायचं. हा डाख वितळायला साडेसहाशे अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते, आणि तांबं कसं आहे, तुम्ही एका टोकाला तापवा, ते दुसऱ्या टोकापर्यंत उष्णता पळवतं. म्हणजे फक्त सांधा नाही, सगळं भांडंच लालसर करावं लागतं. खरं बॉयलर तीन फूट व्यासाचं धरलं, तर १:१२ ला नळा तीन इंचांचा. तो एका मोठ्या गॅस-टॉर्चने आणि भोवती विटा रचून तापतो. १:६ ला तो सहा इंचांचा होतो. आतला दाब तोच ठेवला तर व्यास दुप्पट झाल्यावर पत्राही दुप्पट जाड हवा. लांबी दुप्पट आहेच. म्हणजे तांबं आठपट. ते तापवायला दोन माणसं, दोन मोठे बर्नर आणि उघडं अंगण हवं, आणि मधेच थांबता येत नाही. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीच्या खोलीत हे करायचं म्हणजे वाडा पेटवायची तयारी. मामा हे जाणून होते. म्हणूनच त्यांनी हात घातला नाही. आमच्याकडचा एक कंसारा, म्हणजे आपला तांबट, नळा वाकवून द्यायला तयार होता. पण दाबाखाली टिकणारा डाख लावायची जबाबदारी घ्यायला तो तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. तांब्याच्या किमतीचा मुद्दा मी काढतच नाही.

आणखी एक गोष्ट. प्रमाण लहान केलं म्हणजे सगळंच लहान करता येतं, असंही नाही. खऱ्या बॉयलरात धुराची नळी दोन इंचांची. १:१२ ला ती चार मिलिमीटर होईल आणि काजळीने अर्ध्या तासात बुजेल. म्हणून लहान इंजिनात नळ्या मोजक्या पण जाड, दहा मिलिमीटरच्या आसपास, घालतात. तसंच पाण्याची पातळी दाखवणारी काच. ती प्रमाणात बारीक केली तर पाणी कडेला चिकटून वर चढतं आणि बॉयलर रिकामं असताना भरलेलं दाखवतं. चहात बिस्किटाचं टोक टेकवलं की चहा आपोआप वर चढतो, तोच प्रकार. पाणी, आग, कोळसा हे काही आपल्याबरोबर लहान होत नाहीत. म्हणून फार लहान इंजिनही नवख्याला छळतं. ३२ किंवा ४५ मिलिमीटरच्या रुळांवर इंजिन गॅसवर छान चालतं, टेबलावर मावतं. पण कोळशावर चालवायचं म्हटलं तर आग एवढीशी की जरा नजर हटली की विझली, पाणी एवढंसं की दोन फेऱ्यांत संपलं. आणि त्याच्यामागे माणूस बसू शकत नाही. नातवाला मागे बसवायचं असेल तर ही गेजेस उपयोगाची नाहीत.

कायद्याचंही एक अंग आहे, बँकेतली सवय म्हणून बघितलं. २०२५ पर्यंत आपला बॉयलर कायदा १९२३ चा होता. त्याच्या व्याख्येत २२.७५ लिटरपर्यंतची लहान भांडी मोडत नसत. २००७ च्या दुरुस्तीने ती मर्यादा २५ लिटर झाली. घरगुती इंजिनाचं बॉयलर, पाच इंची गेजचंसुद्धा, काही लिटरांतच राहतं, म्हणजे सरकारी तपासनीसाची पाळी येत नाही. पण तपासनीस नाही याचा अर्थ तपासणी नाही, असा कुणी घेऊ नये. बॉयलर पूर्ण पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. चौरस इंचाला ८० पौंडांवर चालवायचं असेल तर १६० वर परीक्षा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसती पिचकारी उडते. तीच परीक्षा वाफेने किंवा हवेने केली तर जीव जाऊ शकतो. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं, पण इथे ती सोय नाही.

मामा १९९४ मध्ये गेले. इंजिन त्यांच्या खाटेखाली पोत्यात गुंडाळलेलं होतं. मामी होत्या तोवर कुणी त्याला हात लावला नाही. पुढे वाडा विकला, सगळे फ्लॅटमध्ये गेलो, आणि भांडी-देव्हाऱ्याच्या वाटण्या झाल्यावर हे पोतं उरलं. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. मामेभाऊ म्हणाला, “तुला हवं तर ने, मला बघवत नाही.” मी नेलं.

मी पुरं करावं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मी बी.कॉम., उभा जन्म लेजरात. पण रिटायर झाल्यावर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं रोज सकाळी जाऊन लेथ शिकलो. तिथला फोरमन माझ्याहून तीस वर्षांनी लहान. तो मला “काका” म्हणायचा आणि एरवी अजिबात दयामाया दाखवायचा नाही. सुरुवातीला त्याने मला एक उभं स्थिर इंजिन करायला लावलं. स्टुअर्ट टर्नर या इंग्रजी कंपनीचं ‘टेन-व्ही’ नावाचं एक प्रसिद्ध डिझाइन आहे, सिलिंडर पाऊण इंच, स्ट्रोकही पाऊण इंच, त्याच्या धर्तीवर. ज्याला हा छंद सुरू करायचाय, त्याने रुळांचा विचारच आधी करू नये, असं माझं मत त्यातूनच झालं. स्थिर इंजिनाला गेज नाही, वळण नाही, वजन ओढायचं नाही. सायकलच्या पंपाने हवा दिली तरी फिरतं. पाऊण इंची सिलिंडर म्हणजे तळहातावर मावणारं काम, आणि चूक झाली तर पितळेचा एक तुकडा गेला, वर्ष नाही. तीन महिन्यांत माझं फिरलं. आमच्या हिने ते शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवलंय.

मग मामांचं पोतं उघडलं. ९२ किलोचं इंजिन, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, वय चौऱ्याहत्तर, उजवा खांदा अधूनमधून धरणारा. बॉयलरचं तांबं आणि डाख धरून जो खर्च निघत होता तो वेगळाच. मी बँकेत असताना असा प्रस्ताव माझ्यापुढे आला असता तर मी काय शेरा मारला असता, ते मला ठाऊक होतं.

पण ड्रॉइंगं माझ्यासमोर होती, आणि तेव्हा लक्षात आलं की पाच इंचाचं निम्मं अडीच इंच. १:६ चं निम्मं १:१२. मामांचा प्रत्येक आकडा दोनाने भागला की अडीच इंची गेजचं इंजिन तयार, त्याच डभोईच्या प्रमाणात. जे गेज १९२४ मध्ये ‘आयेशा’ने कोळशावर चालवून दाखवलं, तेच. युद्धानंतर ते मागे पडलं, लोक साडेतीन-पाचकडे गेले, पण नॅरोगेजचं इंजिन त्या रुळांवर मुळातच गुबगुबीत होतं: बॉयलर तीन इंचांचं, भट्टीत कोळसा धरायला जागा, मागे बसवायला एक नातू. कुणाला ते खेळणं वाटलं तर वाटू दे.

निम्मं करताना पहिली भानगड खिळ्यांची आली. मामांनी काढलेले रिव्हेट निम्मे केले तर शिवणकामाच्या टाचणीएवढे होतात. ते हाती धरता येत नाहीत, म्हणून थोडे मोठेच घेतले. फ्रेमचा पत्रा त्यांच्याकडे सहा मिलिमीटर, माझ्याकडे निम्म्याने तीन. तो पुरेसा आहे. नळ्यांचा आणि काचेचा नियम वर सांगितलाच. सिलिंडरच्या बाबतीत मात्र एक हजारांश इंच फरकही आता जास्त बोचतो, कारण गळती निम्मी होत नाही. फोरमनचं म्हणणं, “काका, छोटं म्हणजे सोपं नाही. छोटं म्हणजे फक्त उचलता येतं.” मला तेवढंच हवं होतं.

आज फ्रेम उभी आहे, सहापैकी चार चाकं कातून झालीत. तीन इंची तांब्याचा नळा आणलाय, तयार नळाच, म्हणजे पत्रा वाकवायला नको. डाख लावायला दिवाळीनंतर वर्कशॉपमध्येच, फोरमनच्या देखरेखीखाली बसणार. मामांची मोठी फ्रेम मी मोडलेली नाही. ती हॉलमध्ये भिंतीला उभी आहे, आणि माझी लहान फ्रेम तिच्यासमोर धरली की भोकं बरोबर निम्म्या अंतरावर येतात.

एक अडलंय. मामांच्या ड्रॉइंगमध्ये केबिनच्या आतल्या बाजूचं, म्हणजे ड्रायव्हरच्या समोरच्या नळ-तोट्यांचं चित्र नाही. त्यांना ते पाठ होतं, काढायची गरजच वाटली नसणार. प्रतापनगर किंवा डभोईच्या नॅरोगेज इंजिनांवर आपल्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा होते का? घरात एखादा जुना फोटो असेल, ज्यात केबिनमध्ये उभी माणसं आहेत आणि मागे त्या तोट्या दिसतायत, तर इथे टाका. माणसांची नावंही लिहा.